माइंडर्टचा अंगठा

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. यातल्या भोंदूची युक्ती मी पहिल्याच दिवशी ओळखली होती, आणि ती कशी ओळखली हे सांगायची लाज वाटते. सांगतो. पण आधी गर्दी.

आमच्या स्नेक गावात कालव्याकाठच्या वस्तीघरात दर शनिवारी दुरुस्तीचं टेबल लागतं. टोस्टर, शिलाई मशीन, सायकलचा दिवा, काहीही आणा, फुकट. नियम एकच, आणि तो बाउक्याचा: मालकानं दुरुस्ती करणाऱ्याच्या शेजारी बसायचं. मालक कॉफी घ्यायला उठला तरी पाना खाली ठेवायचा. बाउक्या सत्तरीची, जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेली. तिच्यापुढं कुणी हुज्जत घालत नाही. मी तिथं लॅपटॉप बघतो. कुठं शिकलो नाही, मोडके उघडून उघडून आलं.

तर या हिवाळ्यात शेजारची खोली माइंडर्ट नावाच्या एका माणसानं भाड्यानं घेतली, आणि आमचं टेबल ओस पडलं.

तिकडं वीस-पंचवीस माणसं अंगावरचे कोटही न काढता उभी. मध्ये मेंढीचं कातडं, त्यावर तांब्याचं ताट, ताटात बंद पडलेला लॅपटॉप. माइंडर्ट डोळे मिटून सांगायचा की यंत्र मरत नसतं, रुसतं. मग 'नाळ सोडा' म्हणून चार्जर काढायचा, 'ओझं उतरवा' म्हणून बॅटरी. दोन्ही तळवे कीबोर्डवर पसरायचे आणि घुमायचं, मधमाश्यांच्या पेटीसारखं. मग नाळ परत जोडायची. दिवा लागायचा. बायका डोळे पुसायच्या.

"त्यानं तुम्हाला माफ केलंय," असं मालकिणीला हळूच सांगायचा. लोक डब्यात काहीबाही टाकून जायचे.

मला दोन गोष्टी खटकल्या. घुमणं दर वेळी चाळीस सेकंदच चालायचं. आणि उजवा तळवा कायम वरच्या कोपऱ्यात, अंगठा आत मुडपलेला. त्या कोपऱ्यात काय असतं? चालू करायचं बटण.

तरी मी दोन शनिवार गप्प बसलो.

मग तिथं हिस्के दिसली. ती आणि मी लहानपणापासून एका गल्लीतले. तिचा भाऊ डाउवे मागच्या वर्षी गेला. त्याच्या लॅपटॉपमध्ये त्याच्या आवाजातली रेकॉर्डिंग आहेत, दुसरीकडं कुठंच नाहीत. डिस्कला कुलूप, आणि त्याची किल्ली त्याच मशीनच्या चिपमध्ये. हिस्केनं दोन महिन्यांपूर्वी त्याला अपडेट लावलं, आणि तेव्हापासून मशीन मुकं. माइंडर्टकडं दोन बैठका झाल्या होत्या. काही झालं नाही. आता तो म्हणत होता की भावाचं दुःख चिपमध्ये अडकलंय. "आठवडाभर मशीन माझ्याकडं ठेव, चिप धुऊन कोरी करतो, आत्मा मोकळा होईल."

चिप कोरी म्हणजे कुलपाची किल्ली गेली. म्हणजे डाउवेचा आवाज गेला. मी जाऊन बाउक्याला सगळं सांगितलं, पहिल्या दिवशी पाहिलेल्या अंगठ्यासकट.

बाउक्या कॉफीचा कप घेऊनच आत शिरली. रांगेत पुढं वॉबे आजोबा होते, मांडीवर बंद लॅपटॉप. ती माइंडर्टला म्हणाली, "याचं करा. फक्त उजव्या हातात माझा कप धरा."

"शक्ती दोन्ही हातांतून वाहते, बाई."

"मग डावा हात उजवीकडं ठेवा आणि उजवा डावीकडं. पण कोपऱ्यावर नको."

माइंडर्ट म्हणाला, या खोलीत आता संशय शिरलाय, इथं काम होणार नाही. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"वॉबे, तूच कर," बाउक्या म्हणाली. आजोबांनी बॅटरी काढली, चार्जर काढला, अंगठ्यानं बटण दाबून धरलं आणि मोठ्यानं चाळीस मोजले. मध्ये एकदा चुकले, परत मागे आले. घुमणं नाही, ताट नाही. बॅटरी, चार्जर परत लावले. दिवा लागला.

"मला पण माफ केलं वाटतं," आजोबा म्हणाले. खोलीत हशा पिकला.

गोष्ट एवढीशी. लॅपटॉपमध्ये चार्जिंग आणि बटण सांभाळणारी एक बारकी चिप असते. कधी ती अडकते. उरलीसुरली वीज निथळली की पहिल्यापासून सुरू होते. जी मशीनं अशी अडकलेली, ती माइंडर्टकडं 'जिवंत' व्हायची. बाकीच्यांचं काय? त्यांच्या घरात म्हणे दुःख असायचं.

हिस्केचं मशीन अडकलेलं नव्हतं. चालू होताना लॅपटॉप सगळ्यात आधी बायोस नावाचा प्रोग्राम वाचतो. हिस्केचं अपडेट त्याचंच होतं, आणि तोच अर्धवट राहिला होता. टेबलावर ती माझ्या शेजारी बसली. मी मशीन उघडलं, तो प्रोग्राम आणि कुलपाची किल्ली ज्या आठ पायांच्या चिपमध्ये असते, तिला तारांचा चिमटा लावला, आतलं सगळं दोनदा वाचून घेतलं, दोन्ही प्रती जुळवल्या, जपून ठेवल्या. मग तिला दाखवलं: इथपर्यंत लिहिलंय, पुढं कोरं. मधेच वीज गेलीय.

तिची आई मागं उभी होती. ती म्हणाली, झोपायच्या आधी विजेच्या पट्टीचं बटण मी रोजच बंद करते. आपल्याकडं सगळेच करतात. दिव्याचा ठिपकासुद्धा जळत ठेवायचा नाही. आणि डाउवेची बॅटरी तर केव्हाच मेलेली.

"म्हणजे दुःखबिःख काही नाही?" हिस्केनं विचारलं.

"पट्टीचं बटण," मी म्हणालो. आईचा हात तिनं धरला, सोडला नाही.

कुलपाचा भाग तसाच ठेवून मी फक्त बिघडलेला भाग नव्यानं लिहिला. स्क्रीन उजळली. तिनं त्याचा पासवर्ड टाकला. थोड्या वेळानं डाउवेचा आवाज आला. कुणाला तरी सांगत होता, दार लाव, बदकं आत येतायत.

हिस्केनं ते परत एकदा लावलं. मग म्हणाली, "बाउक्या सांगत होती, तुला अंगठा पहिल्या दिवशीच दिसला. कसा?"

सांगावं लागलं. दोन वर्षं शेजाऱ्यांकडं जाऊन मीही तेच करत होतो. गंभीर तोंड करून बटण दाबायचं आणि काही सांगायचं नाही. लोक जादूगार म्हणायचे, बरं वाटायचं. म्हणून दोन शनिवार गप्प होतो. त्याचं पितळ उघडं पडलं असतं तर माझंही पडलं असतं.

"दोन बैठका मी रडून घालवल्या, सीत्से," ती म्हणाली.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो: कुणी चमत्कार दाखवला तर डोळ्यांकडं बघू नका, हातांकडं बघा. आणि जो शेजारी बसू देत नाही, त्याच्या हाती वस्तू देऊ नका. हा नियम मलाही लागू.

हिस्केला मी वचन दिलंय. यापुढं कुणाचंही मशीन हातात घेतलं, तर माझं बोट कुठं आहे आणि का आहे, हे मोठ्यानं सांगेन. लोकांना कंटाळा आला तरी.