डोंगरावरचा ठिपका

सिकाडाला कुणी रातकिडा म्हटलं की सरांचं डोकं फिरायचं. "भर दुपारी कानठळ्या बसवतो, तो रातकिडा कसा हो?" असं ते नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरलाही सुनवायचे. अठ्ठ्याहत्तरीतही त्यात फरक पडला नव्हता. पंखांवरचे डाग आणि नराच्या पोटाखालच्या झडपा भिंगातून पाहून सिकाडाची जात ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्यांना चांगलंच माहीत होतं.

त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, किड्यांचं काडीचंही प्रेम नव्हतं. डांबरगोळ्यांच्या वासात संसार केला, एवढंच त्या म्हणत. पण सरांच्या पुस्तकातल्या एका नकाशाशी त्यांची नाइलाजाने ओळख झाली होती. एका जातीचे ठिपके त्यात समुद्रकाठाने ओळीने गेले होते आणि एकच ठिपका दोनशे किलोमीटर आत, डोंगरावर, एकटा पडला होता. फार वर्षांपूर्वी सरांनी तिथे पकडलेला एक नर, एवढाच त्याला पुरावा. पुढे सर अकरा वेळा त्या डोंगरावर जाऊन आले. पुन्हा एकही दिसला नाही, आवाजही ऐकू आला नाही. मधल्या काळात तिथलं रान तोडलं गेलं. 'डोंगरावरचे बहुधा नामशेष झाले' असं सरांनी पुस्तकात लिहिलं, आणि नंतर दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही.

आता पुस्तकाची नवी आवृत्ती निघत होती आणि तिचं काम सरांची जुनी विद्यार्थिनी पाहत होती. एका सकाळी ती नवा नकाशा घेऊन आली.

"सर, एका किड्याच्या भरवशावर हा ठिपका किती दिवस ठेवायचा? काढू या का?"

"मी एकदा शेवटचा जाऊन येतो. मग बघू," सर म्हणाले आणि माळ्यावरचे बूट काढायला स्टूल शोधू लागले. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. डॉक्टरांनी घरचा जिनासुद्धा जपून चढायला सांगितला होता.

विद्यार्थिनी तडक स्वयंपाकघरात गेली. "काकू, तुम्ही तरी अडवा. तिथे पडले तर उचलून आणायला धड रस्ताही नाही."

"माझं कधी ऐकलंय त्यांनी? कधीचा गं तो मेला किडा?"

"तुमच्या ताई जन्मल्या त्या वर्षीचा. पहिल्या लाकडी पेटीतला."

काकूंनी गॅस बंद केला. ती पेटी त्यांना आठवली. लेक पोटात, सातवा महिना. सर कॉलेजात गेलेले. टेबल पुसताना पेटी कलली आणि जात ओळखायचे राहिलेले दोन सिकाडा टाचण्यांसकट खाली पडले. एकाचं पोट तुटलं, कुठे पकडला ते लिहिलेल्या चिठ्ठ्या निसटून जमिनीवर पडल्या. एका चिठ्ठीवर समुद्रकाठचं गाव, दुसरीवर डोंगर. काकूंना दोन्ही किडे सारखेच काळपट दिसले. पेटीला हात लावला की सर घर डोक्यावर घेत, म्हणून त्यांनी अंदाजाने चिठ्ठ्या लावल्या, पेटी जागेवर ठेवली आणि विसरून गेल्या. दोनच महिन्यांनी सर त्या चिठ्ठीच्या भरवशावर पहिल्यांदा तसलाच दुसरा किडा शोधायला डोंगरावर गेले, आणि ते तिथे असतानाच लेक जन्मली. त्यावरून काकूंनी त्यांना छत्तीस वर्षं टोमणे मारले होते.

गप्प बसायचं म्हटलं तर नवरा डोंगर चढणार. बोलायचं म्हटलं तर त्याच्या आयुष्यातली अकरा वेळची पायपीट आपल्या एका फडक्याने पुसली, हे त्याला सांगायचं. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अहो, त्या स्टुलावरून आधी उतरा. मला काही सांगायचंय."

त्यांनी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. सरांनी पेटी काढली, भिंग डोळ्याला लावलं. कोपऱ्यात पोट तुटलेली एक मादी होती, समुद्रकाठच्या चिठ्ठीची, जात कधीच न ठरलेली. सरांनी तिचे पंख पुन्हा पुन्हा पाहिले आणि भिंग विद्यार्थिनीकडे दिलं. तिनेही बराच वेळ पाहिलं.

"ही डोंगरावरचीच वाटते, सर. तिकडे ही जात ढिगाने सापडते."

काकू ओरडा खायला तयार होऊन उभ्या होत्या.

"म्हणजे आपला सिकाडा डोंगरावर कधी नव्हताच," सर हळूच म्हणाले.

"नसावा," विद्यार्थिनी म्हणाली.

"मग तिथे तो संपलाही नाही." त्यांनी चष्मा काढला. डोळे भरून आले होते. "अगं, इतकी वर्षं मला वाटत होतं, तिथला शेवटचा मीच टाचणीला लावला."

हे काकूंना नवीन होतं. एवढं ओझं घेऊन हा माणूस आपल्या शेजारी जेवला, झोपला, आणि आपल्याला पत्ता नाही. त्या त्याच्या शेजारी बसल्या आणि त्याचा हात हातात घेतला, विद्यार्थिनीसमोरच.

या कामात जुनी चिठ्ठी कुणी फेकत नाही. तिच्याखाली नवी लावायची, दुरुस्ती काय ते लिहायचं आणि लिहिणाऱ्याने नाव घालायचं. सरांनी बारीक टोकाचं पेन काकूंपुढे धरलं. "तू लिही. काय झालं ते तुलाच माहीत आहे."

काकूंनी नखाएवढ्या दोन चिठ्ठ्यांवर जमेल तितक्या बारीक अक्षरात लिहिलं. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "लेकीच्या वेळी तुम्ही नव्हतात म्हणून मी उगाच बोलले हो. मीच पाठवलं होतं तुम्हाला."

"छे," सर म्हणाले. "ठिपका खरा असता, तरी मी तेव्हा जायला नको होतं."