धुता येणारी भिंत

“झाकण दाखवा,” भीमराव म्हणाले.

दशरथ पेंटरने बादलीवर वर्तमानपत्र पसरलं होतं. मुद्दामच, असं भीमरावांचं मत. कागद उचलून त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. झाकणावर ठळक अक्षरांत ‘मॅट’ लिहिलं होतं.

“सॅटिन ठरलं होतं ना?”

“ह्योच ठरलाय साहेब.”

भीमरावांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या तक्रार विभागात गेली. ‘फोन बंद आहे’ म्हणणाऱ्या कोणावरही त्यांनी लाइन तपासल्याशिवाय विश्वास ठेवला नाही. निम्म्या वेळा रिसीव्हरच नीट ठेवलेला नसायचा. निवृत्तीनंतर कर्वेनगरच्या या फ्लॅटमध्ये ती सवय दूधवाल्याच्या वाट्याला आली होती, आणि सोमवारपासून दशरथच्या.

हॉलच्या एका भिंतीला काल रंग लागला होता. भीमरावांनी ओलं फडकं आणून ती जोर लावून घासली. तळहाताएवढा चकचकीत डाग उमटला.

“बघा! पुसलं की डाग. मला काय दिसत नाही वाटतं?”

रंगकाम त्यांच्या मुलाने, सौरभने काढलं होतं. सॅटिन, म्हणजे पुसता येणारा रंग, एवढी एकच अट त्यांनी त्याला घातली होती. त्यांची बायको चंद्रभागा दर रविवारी ओल्या फडक्याने भिंती पुसायची. ती गेल्यापासून तीन वर्षं ते काम भीमराव करत होते. रविवारी दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

दशरथने ब्रश खाली ठेवला. आता मात्र त्याला राग आला होता.

“सौरभसाहेबांनी सांगितलं त्योच रंग आणला. आन भाडेकरूच्या घराला सॅटिन कोन लावतंय? मॅटनं भिंतीचं उंचसखल झाकतंय. भाडेकरू बदलला की परत हात मारायचाच हाय.”

“कुठला भाडेकरू?”

दशरथने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ब्रश उचलून उगाच पुसायला लागला.

भीमरावांनी सौरभला खराडीला ऑफिसात फोन लावला.

“बाबा, मीटिंगमध्ये आहे. अर्जंट आहे का?”

“हा फ्लॅट भाड्याने देतोयस?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “दशरथ बोलला का? बाबा, मी रविवारी येऊन सांगणारच होतो. तुम्ही एकटे असता, आम्हाला टेन्शन येतं. इकडे तुमची रूम रेडी आहे. दीक्षाने पडदेसुद्धा लावलेत.”

भीमरावांना वाईट वाटलं ते भाडेकरूचं नव्हे. पेंटरला माहीत होतं आणि आपल्याला नाही, हे त्यांना फार लागलं.

“त्या खोलीला रंग कुठला आहे?”

“काय? ऑफ-व्हाइट.”

“रंग नाही विचारला. मॅट की सॅटिन?”

“मॅट असेल. बिल्डरचाच आहे. का हो?”

“पाहुणा म्हणून येईन मग. चार दिवस. चार दिवसांत भिंत मळत नाही.”

“बाबा, असं काय...”

“मीटिंगला जा. सूनबाईला सांग, पडदे असू देत.”

फोन ठेवून ते दशरथकडे वळले.

“तुमच्यावर उगाच संशय घेतला. ही बादली परत करा. सॅटिन आणा, सगळ्या खोल्यांना.”

“भिंती जुन्या हायती साहेब. सॅटिनला चमक आसती. समदं उंचसखल दिसंल.”

“दिसू द्या. मला माहीत आहे कुठे काय आहे ते.”

रविवारी सकाळी दशरथ उरलेलं सामान न्यायला आला, तेव्हा भीमराव स्टुलावर बसून हॉलची भिंत पुसत होते. खिडकीतल्या उजेडात जुन्या खिळ्यांच्या बुजवलेल्या खुणा, चंद्रभागेच्या शिलाई मशीनने पाडलेला खळगा, सगळं स्पष्ट दिसत होतं. खळग्यावरून त्यांनी फडकं हळूच फिरवलं आणि डोळ्यांजवळ धरलं. रंग लागला नव्हता.

तरी त्यांनी ते उलटून दुसरी बाजूही पाहिली, आणि स्टूल पुढच्या भिंतीकडे सरकवलं.