गोठ्यापर्यंतचं अंतर

भूमापकाच्या परवान्याची परीक्षा जाहीर झाली तेव्हा पूनम सोलापुरातल्या एका ठेकेदाराकडे सिमेंटच्या गाड्या उतरवून घेण्याचं काम करत होती, आणि डिप्लोमा करून आपण पोती मोजतो याचं तिला रोज नव्याने वाईट वाटत असे. परवाना मिळाला असता तर ती स्वतःच्या सहीने जमिनी मोजू शकली असती आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या आईला, केराबाईला, घरी बसवू शकली असती. नाही मिळाला तर मामांनी दुधनीचं एक स्थळ हेरून ठेवलेलं होतं. मुलगा, मामांच्या शब्दांत, "अजाबात बोलत न्हाय, म्हंजे भांडणाचा सवालच न्हाय."

पुस्तक मात्र कुठेच मिळेना. नवी पेठेतल्या दुकानदाराने तिच्यापुढे तलाठी भरतीचं गाइड ठेवलं.

"मला तलाठी नाही व्हायचं," पूनम म्हणाली.

"जमीन तीच असती की, ताई."

मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये 'सर्व्हेच्या संपूर्ण नोट्स' म्हणून जे मिळालं ते शेळ्यामेंढ्यांच्या गणतीचं निघालं. ती पानं केराबाईला फार आवडली, लहानपणी मेंढरांमागे हिंडलेली ती बाई म्हणाली, "हीच परीक्षा दे की. मी सांगते सगळं." शेवटी पूनमच्या हेलपाट्यांना कंटाळून त्याच दुकानदाराने वाट दाखवली. वळसंगला शिवप्पा नावाचे एक निवृत्त भूमापक राहत होते, आणि जुनी पुस्तकं असली तर त्यांच्याकडेच असणार होती.

रविवारी सकाळी अक्कलकोटच्या एसटीने ती वळसंगला उतरली. गावाबाहेरच्या शेतात घर होतं, समोर गोठा दिसत होता, आणि दोहोंच्या मध्ये एका दगडावर एक म्हातारी बाई बशीने झाकलेला चहाचा पेला घेऊन बसली होती. त्या शिवप्पांच्या पत्नी, नागम्मा.

"सर आहेत का?"

"गोठ्यात हायेत. बस, यव्वा. मी जरा दम खाते, मग दोगी जाऊ."

गोठा असा समोर, आणि तिथवर जायला विसावा, याची पूनमला गंमत वाटली. पण निघाल्यावर चालणं तिच्या अंदाजापेक्षा बरंच लांबलं. त्या पोचल्या तेव्हा चहावर साय धरली होती. शिवप्पांनी तक्रार न करता तो घेतला.

"पुस्तकं वाळवीनं खाल्ली," ते म्हणाले. "परीक्षेला वाळवी बसली तर पैली येईल. पण शिकायचं असंल तर साखळी धर."

मोजणीच्या लोखंडी साखळीचं एक टोक पूनमने घराच्या भिंतीला लावलं. झेंड्या रोवत, सरळ रेषा धरत दोघांनी गोठ्यापर्यंतचं अंतर मोजलं. दोन साखळ्यांत ते नेमकं बसलं. जेवणानंतर शिवप्पांनी तेच पुन्हा मोजायला लावलं, आणि आता दोन साखळ्या संपल्यावरही पुढे एक बाज मावेल इतकी जागा उरली. पूनम शरमली. आपला हात ढिला पडला असणार, असं तिला वाटलं.

"बरोबर हाय," शिवप्पा म्हणाले.

"कुठलं, सर? सकाळचं की आत्ताचं?"

"सकाळी सकाळचं बरोबर होतं. आता आताचं."

शेजारचा येडू बांधावर बसून हे बघत होता. पूनमने त्याला हळूच विचारलं, तुमच्याकडची जमीन यांच्यात येतेय का? "मी बी आदी हेच म्हणलं," येडू म्हणाला. "भांडायची तयारी करून माझं रान मोजून घेतलं. बोटभर कमी न्हाय. मग भांडू कशाला?" त्याच्या आवाजात, हातची चांगली संधी गेल्याची खंत होती.

पूनम परत निघाली तेव्हा नागम्माने तिला फाटकापर्यंत पोचवलं. "हे रिटायर झाले तवा दारातनं हात केला की म्हशीच्या पाटीला लागायचा," ती म्हणाली. "आता लेकानं मला मोबाइल दिलाय. गोठ्यातनं घरात फोन करायला. यांना म्हणलं, नका मोजू. ऐकतेत कुटं?"

पूनमने शिवप्पांनाच एकदा धीर करून विचारलं, की हे अंतर येतं कुठून. ते साखळी पुसत होते. "जलमभर लोकांची मोजली, पोरी, कुणाचं समाधान झालं न्हाय. आता माझी मोजतो. माझं होतंय." मग पुढची कडी पुसत म्हणाले, "कुणाचं तरी कमी होत असंल की. आपल्या गावातलं न्हाय, येवढं बगितलंय मी."

पण शिकवत ते उत्तम. पूनम रविवारमागून रविवार जात राहिली, उन्हाने काळी पडली, आणि पुस्तकाशिवायच तिला असं काही येऊ लागलं की रस्त्याने जातानाही तिची नजर घराघरांतली अंतरं धरत असे. फक्त स्वतःच्या घरी ती फारसं बघत नव्हती. भाड्याची एकच खोली होती ती. त्या उन्हाळ्यात कपाटाचं दार पलंगाला अडू लागलं. केराबाई म्हणाली, लाकूड फुगलंय. सोलापूरच्या मे महिन्यात लाकूड फुगत नाही हे दोघींनाही माहीत होतं, पण दुसरं काय म्हणावं हे सुचत नव्हतं. मग केराबाई रात्री पाय दुमडून झोपू लागली. विचारलं तर म्हणे, वयानं सवय लागली.

परीक्षा झाली, निकाल लागला आणि पूनम पास झाली. पेढे घेऊन ती संध्याकाळी घरी आली, आईच्या पाया पडायला वाकली, तर वाकायला जागाच नव्हती. केराबाई उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली. तिथे तिने नमस्कार घेतला, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत बघत म्हणाली, "आता लोकाची जमीन मोजणार. घरची मोज की एकदा."

पूनमला ते नको होतं. का नको, हे आईला सांगता येईना. सांगितलं असतं तर ते अभ्यासाने डोकं फिरल्यासारखं वाटलं असतं. तिने टेप काढली. केराबाईने टोक भिंतीला धरलं, पूनमने समोरच्या भिंतीपर्यंत ओढलं, आकडा पाहिला. चहा झाल्यावर पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा केराबाईने न राहवून कपाट उघडून पाहिलं आणि त्याचं दार पलंगाला न लागता, पूर्वीसारखं, पूर्ण उघडलं.

"आता कसं," केराबाई म्हणाली, आणि भिंतीला टेकून, पाय लांब पसरून बसली. ती अशी बसलेली पूनमने कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. दोघींनी दोन दोन पेढे खाल्ले.

तेवढ्यात फोन वाजला. नागम्मा होती.

"तुजा निकाल कळला. आनि दुसरं म्हंजे, लई दिसांनी आज यांना चहा गरम गेला बग. गोठा जवळ आलाय. असा, दारात."

पूनमने तिसऱ्या पेढ्याकडे नेलेला हात मागे घेतला. "सर काय म्हणाले?"

"काय म्हणतील? तोंड भाजलं त्यांचं." नागम्मा हसली. मग तिचा आवाज खाली आला. "चहा तसाच ठेवला की. साखळी घिऊन उटले बग. येडूला हाक मारायलेत."

कपाटाचं उघडं दार हळूच पलंगाला टेकलं.

पूनमने फोन कानावरून काढला नाही. दुसऱ्या हाताने तिने टेपचं टोक आईपुढे धरलं. केराबाईने पाय जवळ ओढून घेतले, टोक हातात घेतलं आणि भिंतीला घट्ट लावलं.