ढगाच्या चार फाइल्स

मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर थकलो आहे. माझी बॅटरी वीस मिनिटांत मान टाकते. झूमचं बटण दाबलं की आत काहीतरी करकरतं.

भास्कर ऑस्ट्रेलियात, पर्थला शिकत होता तेव्हा त्याने मला विकत घेतलं. तेव्हा माझा थाट होता. मित्र आळीपाळीने मला डोळ्याला लावायचे. पुढे भास्कर कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत इंजिनिअर झाला. सुखदाशी लग्न झालं, मयूरा जन्मली. तिचं पहिलं पाऊल मीच टिपलं. मग घरात चांगले फोन आले आणि मी सहा वर्षं वायरींच्या खणात पडून राहिलो.

यंदाच्या दिवाळीला सुखदाने मला बाहेर काढलं. कार्यक्रमाचा हॉल मोठा होता आणि फोनचं चित्र लांबून फुटत होतं. इथली मराठी कुटुंबं नऊच. घरात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत देणारी मयूरा नाटकात वाट चुकलेल्या ढगाचं काम करणार होती, चार मिनिटं सलग मराठीत. भास्करला शिफ्ट बदलून मिळाली नाही. ‘‘सगळं शूट कर, मी नंतर बघतो,’’ एवढं सांगून तो खाणीत उतरला. सुखदाने मला चार्जरची वायर लावून सगळा कार्यक्रम टिपला.

माझी एक सवय तुम्हाला सांगायला हवी. लांबलचक चित्रण मी एका फाइलीत ठेवत नाही. त्याचे तुकडे करतो, प्रत्येकाला आकडा देतो आणि ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो. कुठल्या तुकड्यानंतर कुठला, याची नोंद शेजारच्या लहान फाइलींत असते.

रविवारी भास्करने माझं मेमरी कार्ड लॅपटॉपला लावलं. फोल्डरमध्ये फोल्डर पाहून त्या टापटिपीच्या माणसाला राहवलं नाही. त्याने चार मोठ्या फाइली तिथून उचलून लॅपटॉपवर नेल्या आणि त्यांना ‘मयूरा ढग’, ‘दिवाळी नाच’ अशी छान नावं दिली. फाइलीचा प्रकार सांगणारी नावातली शेवटची तीन अक्षरंही बदलून एमपी४ केली. नाव बदलल्याने फाइलीचा प्रकार बदलत नाही, हे तो विसरला.

एडिटिंगच्या सॉफ्टवेअरने चारही फाइली नाकारल्या. लॅपटॉपवर नुसता आवाज येई, पडदा काळा. माझ्या स्क्रीनवर तर ‘चित्रण नाही’ असंच दिसत होतं. दुपारभर तो झटत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, ‘‘मयू, एकदा परत करून दाखव ना.’’

‘‘नो वे, बाबा. यू सेड यू'ड वॉच इट.’’

‘‘कॅमेराच मेलाय. टाकून देऊ,’’ भास्कर सुखदाला म्हणाला.

सुखदा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. ‘‘कार्डावर काय केलंस?’’ तिने विचारलं.

‘‘काही नाही, जरा नीट लावलं.’’

‘‘नीट? नमुन्यांची लेबलं फाडलीस आणि आता रिपोर्ट मागतोस!’’

‘‘बरं, लॅबवाल्या बाई, मग आता?’’

‘‘आता तू हात मागे घे.’’

तिने आधी चारही फाइलींची प्रत काढली. मग त्या चित्रणाच्या वेळेनुसार लावल्या, जुने आकडे आणि जुनी अक्षरं परत दिली आणि कार्डावर होत्या त्याच फोल्डरमध्ये ठेवल्या. कार्ड आत सरकलं आणि माझे तुकडे मला जागच्या जागी सापडले. केबल जोडली. सॉफ्टवेअरने या वेळी कुरकुर केली नाही.

भास्कर खुर्ची पुढे ओढून बसला. पडद्यावर कापसाचा ढग झालेली मयूरा खणखणीत बोलत होती. मध्येच ती थांबली. हॉलच्या दाराकडे पाहत राहिली, आणि मग पुढचं वाक्य बोलली.

‘‘इथे विसरलीस का गं?’’ भास्करने विचारलं.

‘‘नो,’’ मयूरा म्हणाली. ‘‘समवन केम इन. आय थॉट इट वॉज यू.’’

भास्करने चित्र थांबवलं.

मित्रांनो, माझ्या फाइली हलवू नका, आधी प्रत काढा. नावं हवी तर प्रतींना द्या. आणि जमेल तेव्हा स्वतः या. मी चित्रं जपून ठेवतो, पण तुमच्या जागी बसून बघता बघता मी फार दमलो आहे.