तांब्याच्या गोळीची पैज

त्या दुपारी डॅडी आणि मी शेडमध्ये काडतुसं भरत होतो आणि नेहमीप्रमाणे भांडत होतो. रेडिओ हळू आवाजात चालू होता. कायबाब पठारावरच्या हरणांच्या शिकारीच्या परवान्यासाठी आम्ही वर्षानुवर्षं एकत्र अर्ज करत आलो होतो, आणि ह्या खेपेला सोडतीत आमची नावं निघाली होती. शिकारीचा हंगाम दोन आठवड्यांवर आला होता.

कामाची वाटणी ठरलेली होती. रिकाम्या पितळी पुंगळ्या पुसून त्यांच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी मी बसवायची. दारू तोलून तो भरायचा, कारण तराजूपाशी मला श्वास घ्यायचीसुद्धा बंदी होती. मग प्रेसचा, म्हणजे हाताने दाबायच्या यंत्राचा, दांडा खाली ओढून पुंगळीच्या तोंडात तांब्याची गोळी बसवायची. भांडण तिथेच व्हायचं.

"अजून आत जाऊ दे," मी म्हणाले.

"जेरी, हा प्रेस तुझ्या आजोबांचा आहे. नळीतल्या आट्यांना जवळजवळ टेकेल इतकी गोळी बाहेर ठेवायची, हे मला त्यांनी शिकवलं."

"आजोबांची गोळी शिशाची होती, डॅडी. शिसं मऊ असतं, आट्यांत अलगद शिरतं. तांबं हट्टी आहे. आट्यांना भिडण्याआधी त्याला थोडी मोकळी धाव हवी."

"हे कुठे वाचलंस?"

"दोन पुस्तकांत."

"पुस्तकातल्या गोळ्यांनी पुस्तकातली हरणं मरतात."

"आणि तुझ्या गोळ्यांनी मागच्या वर्षी कुंपणाचा खांब मेला."

तो इतका हसला की तराजूचं पारडं त्याला खाली ठेवावं लागलं.

शिसं त्याने आपणहून सोडलं होतं. घरामागच्या कड्यावर एक कॉन्डोर, अवाढव्य गिधाड, बसायचा, पंखावर चव्वेचाळीसचा बिल्ला असलेला. एका हिवाळ्यात कुणीतरी मारलेल्या हरणाची आतडी खाऊन, त्यातल्या शिशाच्या कणांनी विषबाधा होऊन, तो आमच्या आवाराशी येऊन कोलमडला. पक्षी वाचवणाऱ्यांची गाडी येईपर्यंत डॅडी त्याच्यावर स्वतःचा कोट टाकून बर्फात बसून राहिला. चव्वेचाळीस बरा होऊन पुन्हा कड्यावर आला तेव्हा शेडमध्ये शिशाचा कणही उरला नव्हता. गोळी बदलली, पण ती बसवायची रीत मात्र आजोबांचीच राहिली, आणि त्यामुळे त्याचा नेम बिघडला तो बिघडलाच.

शेवटी पैज लागली. एक डबी त्याच्या पद्धतीने भरायची, एक माझ्या. सकाळी दोन्ही कागदावर मारून बघायच्या. ज्याची डबी हरेल त्याने कॅम्पवर बिडाची भांडी घासायची, ओढ्याच्या गार पाण्यात. डब्यांच्या झाकणांवर त्याने आमची नावं लिहिली, व्हर्ल आणि जेरी.

रात्रीच्या जेवणाला नोला आत्या आली. डॅडीची ही धाकटी बहीण शेजारच्याच घरात राहते. डॅडीने हरणाच्या मांसाचा सगळ्यांत मोठा तुकडा माझ्या ताटात घातला. परत जाताना मला न्यायची मांसाची पेटीही भरून तयार होती.

"एवढ्या लांबून कशाला येतेस गं दरवर्षी?" त्याने विचारलं. हे तो दरवर्षी विचारायचा.

"मांसासाठी," मी म्हणाले. हे मी दरवर्षी म्हणायचे.

"बघ, नोला. पोरगी हावरट आहे."

"तुझ्यावर गेलीय," आत्या म्हणाली.

जेवण झाल्यावर तो उठला. "शेडमधला रेडिओ चालूच राहिला वाटतं." रेडिओ तर मी स्वतः बंद केला होता. तो शीळ घालत परत आला.

सकाळी तो मागच्या पायरीवर सापडला. एक बूट पायात होता, दुसरा हातात. डॉक्टर म्हणाले, त्याला काही कळलंही नसेल.

दफनाच्या दिवशी चर्चमधल्या बायकांनी चीज घातलेले बटाटे इतके आणले की फ्रीजचं दार लागेना. सगळे आपापल्या घरी गेल्यावर आत्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर दुर्बीण आणून ठेवली.

"उद्या मागच्या ओढ्यात जाऊ. पैज अजून उभी आहे."

"आत्या, आता कसली पैज?"

"भांडी कोण घासणार हे ठरल्याशिवाय मी कॅम्पला येत नाही. आणि तू एकटी गेलीस तर उपाशी राहशील."

मला तो निकाल हवा होता आणि नकोही होता. मी जिंकले तर तो कायमचा हरलेला राहणार, आणि मला उलट उत्तर द्यायलाही नसणार. माझं त्याला कधी तरी पटलं होतं का, हे तर कळायचंच नाही.

घरामागचा हा ओढा कोरडा होता. दरडीवर दोन कागद लावले. डॅडीच्याच रायफलीने आधी 'जेरी' लिहिलेल्या डबीतली काडतुसं झाडली. आत्या दुर्बिणीतून बघत होती.

"कोंबड्यांना दाणे टाकलेत जसे."

मग 'व्हर्ल'ची डबी. आत्याने दुर्बीण पुन्हा एकदा नीट जुळवली.

"सगळी भोकं कॉफीच्या कपाखाली झाकता येतील. व्हर्ल जिंकला. घास भांडी."

मला हसू आलं. हरल्याचं इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. पण विश्वास बसेना. दोन्ही डब्यांत थोडी काडतुसं उरली होती. प्रत्येकीतलं एक काढून गाडीच्या बॉनेटवर शेजारी शेजारी उभं केलं. त्याच्या डबीतलं नखभर बुटकं होतं. गोळी खोल बसवलेलं. माझं.

"आत्या, त्याने झाकणं बदललीत."

आत्या वाकली, दोन्ही काडतुसांकडे पाहिलं आणि गाडीला टेकून हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. "अगं, लहानपणी मी पाणी प्यायला उठले की पटावरच्या सोंगट्या बदलायचा मेला. रेडिओ बंद करायला गेला होता म्हणे."

मी ते बुटकं काडतूस मुठीत धरलं. डबी चोरायची तर ती जिंकणार हे आधी पटावं लागतं. मी म्हणत होते ते सगळं त्याने मानलं होतं. फक्त भांडी घासायची नव्हती. सकाळी माझा पडलेला चेहरा बघून तो किती वेळ मजा घेणार होता कुणास ठाऊक.

"त्याने त्याच्या परीने कबूल केलं," आत्या डोळे पुसत म्हणाली. "आता तुझी पाळी. तूही काही कमी दडवून ठेवत नाहीस."

पेटीतलं मांस दरवर्षी कुठे जातं, हे आत्याला माहीत असावं. समोर कड्यावर ऊन चढत होतं. रायफल रिकामी करून मी ती बॉनेटवर आडवी ठेवली, आणि तो शेजारीच उभा असल्यासारखी, नेहमीच्या आवाजात म्हणाले,

"डॅडी, हरणाचं मांस मला कधीच आवडलं नाही. मी तुझ्यासाठी यायचे."