मुठीतलं घुंगरू

मी पितळेचं घुंगरू बोलतोय. आवळ्याएवढा माझा देह, पोटात एक लोखंडी गोळी. ती हलली की मी वाजतो, न्हाईतर गप. माणसासारखं मनात आलं म्हणून बोलावं, असं मला जमत नाही. कुणीतरी हलवावं लागतं. आज हलवलंय, म्हणून सांगून घेतो.

माझा जन्म बाजारातला. कोळवणच्या खोऱ्यात गेणबा नावाचा शेतकरी होता. त्यानं बैलांसाठी दोन घुंगरमाळा घेतल्या, त्यांतल्या एकीत मी ओवला गेलो. भातखाचरातल्या चिखलात बैल चालायचे आणि आम्ही सगळी भावंडं एका सुरात वाजायचो. गेणबाला मागं वळून बघावं लागत नसे. आवाज मंदावला की तो ओळखायचा, बैल दमलाय.

मग बैल गेले. पुढं ती खाचरं पण विकली. गेणबा आजारी पडून वारला आणि आम्ही खुंटीला लटकत राहिलो. धूळ बसली, कोळ्यानं जाळं केलं. घरात माणसं होती, पण आम्हाला हलवायचं कारण कुणाला नव्हतं.

ते कारण गेणबाच्या नातवानं दिलं.

त्याचं नाव साहिल. गेणबाचा मुलगा अभय घोटावड्याच्या एका कारखान्यात कामाला जातो, त्याचा हा मुलगा. साडेचार वर्षांचा झाला तरी पोरगं बोलेना. हाक मारली तरी मान वळवेना. कान चांगले आहेत असं डॉक्टर म्हणाले. बोलेल, कदाचित उशिरा बोलेल, असंही म्हणाले. त्या 'कदाचित'नं त्याच्या आईची, गौतमीची झोप गेली. भाकरी थापता थापता ती उठून दारात जाऊन बघायची. नळाला पाणी आलं तरी हंडा अर्धा सोडून पळायची. पोरगं रस्त्यावर गेलं, कुणी उचलून नेलं, तर त्याला स्वतःचं नावसुद्धा सांगता येणार नाही, हाच विचार तिच्या डोक्यात रात्रंदिस.

एकदा तिची सासू फुलाबाई म्हणाली, "अगं, सारखी काय पळतीस? ढोराला हरवू नये म्हणून आपण काय करतो?"

"आत्या, माझं लेकरू ढोर हाय व्हय?"

"लेकरू हाय म्हणून तर म्हणते. ढोराची येवढी काळजी घेतली, लेकराची घ्यायला लाज कसली?"

फुलाबाईनं खुंटीवरची माळ काढली, एक दाणा सोडवला, चिंचेनं घासून लख्ख केला. तो दाणा मी. गौतमीनं मला काळ्या दोऱ्यात ओवून साहिलच्या उजव्या पायात बांधलं. तेव्हापासून ती चुलीपाशी बसूनसुद्धा पोराला बघू लागली. मी ओसरीवर वाजलो की तिचे हात चालायचे. मी गप झालो की तिचे हात थांबायचे.

आंघोळीच्या आधी ती मला सोडायची. आंघोळ झाली की साहिल आपणहून पाय पुढं करायचा. बोलणं नाही, नजर नाही, पण पाय बरोबर पुढं. त्याचं सगळं बोलणं त्या पायात होतं.

साहिलला एकाच गोष्टीचं वेड होतं. तिरकोबा खेकड्याची चित्रांची पुस्तकं. कुणीतरी जुना गठ्ठा दिला होता. गौतमी सातवीपर्यंत शिकलेली, ती बोट ठेवून ठेवून त्याला वाचून दाखवायची. तिरकोबा मोठा शूर, लबाड कोल्ह्याला नांगीनं धरायचा, सगळ्या ओढ्याचं भांडण मिटवायचा. पण जगाचा कालवा फार झाला की तो बांधाला पाठ लावायचा आणि तिरका तिरका सरकत आपल्या बिळाशी जायचा. प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं चित्र तेच, अंधारं बीळ आणि त्यात दोन डोळे.

घरात मिक्सर लागला, रस्त्यानं लग्नाचा बँड गेला की साहिल तसंच करायचा. भिंतीला पाठ, दोन्ही हात भिंतीवर, आणि डाव्या हाताला सरकत, सरकत थेट धान्याच्या कणगीच्या मागं. मी त्याच्या पायात छुन छुन वाजत जायचो. अभय हसायचा, "निघाले तिरकोबा." गौतमीला मात्र हसू यायचं नाही.

अशात त्या तिरकोबाची बाग निघाली. मोठ्या कंपनीनं बांधलेली. मोठमोठे पुतळे, घसरगुंड्या, तळं, गोष्टीतला सगळा ओढाच उभा केलेला. आणि निघाली कुठं, तर कोळवणच्या खोऱ्यात, गेणबाच्या विकलेल्या खाचरांवर. शहरातल्या गाड्यांची रांग आमच्या वाडीपर्यंत लागायची. दिवाळीत कारखान्यानं कामगारांना घरटी पास दिले.

फुलाबाई आली नाही. ओसरीवर बसूनच म्हणाली, "आपल्याच खाचरात पास काढून जायचं. भारी हाय बाबा. मला न्हाई बघायचं. तुमी जावा, लेकराला दावा."

गौतमीनं साहिलच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी घातली, पाठीवर काजळाचं बोट लावलं, माझी गाठ दोनदा ओढून बघितली. "गर्दी असंल हो. नको जायला."

"अगं, चित्रात बघतोय ते खरं दिसंल त्याला. चल," अभय म्हणाला.

फाटकातून आत गेल्यावर साहिल थांबलाच. समोर माडीएवढा तिरकोबा. लाल पाठ, वर उगारलेली नांगी. साहिलनं बघितलं, आणि त्याच्या घशातून एक बारीक आवाज आला. गौतमीनं अभयचा दंड धरला. तेवढ्या आवाजासाठी ती दोघं कुठवर चालत गेली असती, मला ठाऊक आहे.

मला दुसरंच काही कळत होतं. वर फरशी होती, पण उतार ओळखीचा होता. इथं बैल वळायचे. इथं पाणी सोडायचे. पण हे सांगणार कुणाला?

मोठ्या घसरगुंडीपाशी रांग होती. वर पोचल्यावर बागेच्या कामावरची टोपीवाली मुलगी म्हणाली, "मॅडम, पायातलं काढा. मेटल चालत नाही, घसरगुंडीला ओरखडे पडतात."

"अवो, ते त्याला लागतंय. त्याशिवाय तो…"

"दोन मिनिटांचा प्रश्न आहे हो," मागच्या बाई म्हणाल्या. गॉगल डोक्यावर, कडेवर गुबगुबीत पोर. "मुलाच्या पायात बैलाचं घुंगरू! किती वेळ थांबायचं आम्ही?"

मागची माणसं हसली. गौतमीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं खाली बसून गाठ सोडली आणि मला मुठीत धरलं. साहिलनं रिकाम्या पायाकडं बघितलं. मग पाय पुढं केला.

"आलास की बांधते हं राजा," ती म्हणाली. अभय त्याला मांडीत घेऊन घसरला. गौतमी जिन्यानं खाली पळाली.

ती पोचायच्या आत भोंगा वाजला. खेळाची वेळ झाली होती. माडीएवढ्या तिरकोबाच्या तोंडातून धूर निघाला, ढोल सुरू झाले, जमीन हादरली. सगळी माणसं मोबाईल वर करून तिकडं धावली. अभयनं पण खिशात हात घातला. फक्त फोन काढायला. तेवढ्यात त्याच्या पायाशी उभं असलेलं पोर नव्हतं.

"साहिल कुटंय?" गौतमीनं विचारलं.

"हितंच… आत्ता हितंच व्हता."

मी मुठीत होतो. ती मूठ इतकी आवळली की माझी गोळीसुद्धा हलेना. मुठीतलं घुंगरू वाजत नाही.

चौकशीच्या खिडकीत एक तरुण बसला होता. तसा चांगला होता बिचारा. "घाबरू नका ताई. नाव सांगा, माईकवर पुकारतो."

"साहिल. पण पुकारून… तो ओ देत न्हाई."

"ऐकू येत नाही?"

"येतं. ओ देत न्हाई."

"बरं, कुणी विचारलं तर पत्ता, आईचं नाव सांगेल ना?"

गौतमीनं नाही म्हणून मान हलवली. माईकवर नाव घुमलं. ढोलात ते नाव विरून गेलं.

ती धावली ती थेट 'तिरकोबाचं बीळ' लिहिलेल्या जागी. प्लास्टिकची गुहा, आत निळे दिवे, फोटोला ही रांग. ती रांग मोडून आत घुसली. कुणी ओरडलं, कुणी ढकललं. आत दुसऱ्यांची पोरं होती. साहिल नव्हता. आणि नसणारच. एवढ्या उजेडाचं, एवढ्या माणसांचं बीळ असतं का कुठं?

बाहेर आली तर रखवालदार दुसऱ्या रखवालदाराला सांगत होता, "अरे, तळ्याकडं कुणीतरी जा. आधी तळं बघा."

ते ऐकून गौतमी मटकन खाली बसली. अभय तळ्याकडं पळाला. तिचा हात जमिनीला टेकला, मूठ सैल झाली आणि मी एकदाच वाजलो. छुन.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग त्या घसरगुंडीकडं बघितलं. मग उठली. घसरगुंडीच्या पायथ्याशी रंगवलेली भिंत होती. अभयच्या पायाशी जिथं साहिल उभा होता, तिथं ती गेली. भिंतीला पाठ लावली, दोन्ही हात भिंतीवर पसरले, आणि डाव्या हाताला सरकायला लागली. तिरकी तिरकी. दर पावलाला मला भिंतीवर आपटायची, थांबून ऐकायची, की पुढचं पाऊल.

"ए, ते बघ! ह्या काकू पण तिरकोबा!"

"शोमधल्या आहेत वाटतं."

एका पोरीनं तिच्या पुढं तसंच सरकून दाखवलं. मोबाईल तिच्याकडं वळले. पदर खांद्यावरून घसरला, तिनं तो कमरेला खोचला आणि सरकत राहिली. मघाशी दोन मिनिटांच्या हसण्यानं जिनं मला सोडलं होतं, तिला आता अख्खी बाग हसत होती. तिला ते ऐकूच येत नव्हतं. तिला फक्त पोरगं कुठनं गेलं असेल ते दिसत होतं.

तळ्यावरून अभय धापा टाकत आला. "तितं न्हाई. गौतमी, काय करतीयास? लोकं बघत्यात."

"बघू द्या. तुमी पुढं पळू नका. हाका मारू नका. माझ्या मागनं या."

तो तिच्या मागनं चालला.

रंगीत भिंत संपली. पुढं हिरवं कुंपण लागलं, ती कुंपणाला पाठ लावून सरकली. कुंपण संपलं. आता बागेची मागची बाजू. फरशी नव्हती, माणूस नव्हतं, ढोलाचा आवाज लांबून येत होता. तिच्या पाठीला दगड लागले. शेवाळलेला, जुना, मातीत रचलेला दगड. कंपनीनं सगळं सपाट केलं, एवढा एक बांध ओढ्याच्या बाजूला राहून गेला होता. गेणबाचा बांध. बैलाच्या गळ्यात होतो तेव्हापासून मी तो ओळखतो.

बांधाच्या पोटात एक दगडी मोरी होती, खाचरातलं जादा पाणी ओढ्यात जायला. आता कोरडी. गौतमी तिच्यासमोर गुडघ्यावर बसली. आत अंधार होता. अंधारात दोन डोळे होते.

अभय पुढं झेपावला, तिनं हात आडवा केला. "ओढू नका. ओढलं तर आत सरकंल. पलीकडं ओढा हाय."

मग तिनं मला दोन बोटांत धरलं आणि वाजवलं. जोरात नाही. रोज आंघोळीनंतर बांधताना वाजायचो, तेवढंच. थांबली. पुन्हा वाजवलं.

बराच वेळ आत काही हललं नाही. अभयनं हाताचा पंजा दातांत धरला होता.

मग अंधारातून एक पाय बाहेर आला. मातीनं माखलेला, उजवा.

गौतमीनं आधी पोराला ओढलं नाही. आधी दोरा बांधला. गाठ चार वेळा सुटली, पण पाय जागचा हलला नाही. गाठ बसली, मी वाजलो, आणि मग साहिल आपणहून बाहेर आला आणि तिच्या मांडीत बसला. ती रडली ती तेव्हा. पोराच्या केसांत तोंड घालून, आवाज न करता.

घरी आल्यावर फुलाबाईनं विचारलं, "काय बघितलंत?"

अभय म्हणाला, "आई, आपला बांध हाय अजून. मोरीबी हाय."

फुलाबाई म्हणाली, "ती मोरी तुज्या बानं रचलेली. पावसात उभं राहून." आणि पदरानं डोळे पुसत आत गेली.

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाली. गौतमी मला घेऊन बसली आणि वाट बघू लागली. साहिलनं पाय पुढं केला नाही. त्यानं माझा दोरा तिच्या हातातून घेतला, खाली बसला आणि तिच्या पायाभोवती गुंडाळायला लागला. गाठ त्याला येत नाही. गुंडाळायचा, सुटायचा, पुन्हा गुंडाळायचा.

फुलाबाई बघत होती. हळूच म्हणाली, "अगं येडे, त्याला वाटतंय तूच हरवली व्हतीस."

गौतमीनं तोंडावर हात घेतला. मग त्याच्या हातावर हात ठेवून तिनं गाठ मारली.

तेव्हापासून मी आईच्या पायात आहे. शेजारच्या बायका हसतात, "काय गं, म्हातारपणी पैंजण?" ती हसते, काढत नाही. साहिल अजून बोलत नाही. बोलेल का, मला माहीत नाही. मी पितळ आहे, खोटा धीर मला देता येत नाही.

पण तुम्ही जत्रेत, बागेत जाल, तिथं एखादं लेकरू हाकेला ओ देत नसेल, तर दुसऱ्यांदा जोरात ओरडू नका. जरा खाली बसा. ते कशानं बोलतं, ते त्याच्या आईला विचारा. आणि तिनं त्याच्या अंगावर काही बांधलं असेल, दोरा, चिठ्ठी, माझ्यासारखं एखादं बैलाचं घुंगरू, तर ते सोडायला लावताना घटकाभर थांबा.

आत्ता संध्याकाळ आहे. गौतमी भाकरी थापतेय, म्हणून मी गप आहे. ओसरीवर साहिल पुस्तक घेऊन बसलाय. पान उलटता उलटता तो थांबतो. मान वर करतो. कान देतो.

तिला ते पाठमोरं कळतं. ती नुसता पाय हलवते.

मी वाजतो. तो पुन्हा पुस्तकात डोकं घालतो.