दादांची मुलाखत

त्या गुरुवारी नागावच्या मोरेश्वरपंतांच्या घरी सकाळपासून नारळ खवले जात होते. पंतांना घरचे नि गावचे सगळेच दादा म्हणत. दादांनी एका विधवेवर कादंबरी लिहिली होती, ती गाजली होती, आणि संध्याकाळी मुंबईच्या रेडिओवर त्यांची मुलाखत व्हायची होती, त्यासाठी ते आदल्या दिवशीच मुंबईला गेले होते. ऐकायला येणाऱ्या मंडळींसाठी दडपे पोहे आणि चहाचा बेत होता. रेडिओ अलिबागच्या एका वकिलांनी दिवसापुरता दिला होता. तो ओटीवर चौरंगावर मांडून शेजारी मोटारीची बॅटरी ठेवली होती आणि एरियलची तार अंगणातल्या दोन पोफळींना बांधली होती.

खवणीवर बसली होती कुमुद, दादांच्या धाकट्या भावाची, हरीची विधवा. घरात काही चांगलं असलं की विधवेने समोर यायचं नसतं. मागे राबायला मात्र तिला कुठलंच शास्त्र आड येत नाही. हे शास्त्र ज्याने केलं, त्याला घरी आयता स्वयंपाक हवा असणार, दुसरं काय?

हरी विषमज्वराने गेला तेव्हा कुमुद एकोणीस वर्षांची होती. सासूने, मनुबाईंनी, न्हाव्याला बोलावणं धाडलं होतं. दादांनी त्याला वाटेतूनच परत लावून दिलं. हे पुण्य दादांचं, ते नाकारून चालणार नाही. पण केस राहिले आणि बाकीचं सगळं गेलं. अंगावर तांबडं लुगडं आलं, हळदीकुंकवाच्या दिवशी मागची पडवी आली. मनुबाईंचे गुडघे संधिवाताने धरलेले. त्यांना उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं कुमुदकडे आलं. पाच वर्षं अशीच गेली होती.

कादंबरी लिहायला घेतली तेव्हा दादा संध्याकाळी पाट घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसत आणि कुमुदला विचारत. बांगड्या फोडताना बायका काय बोलत होत्या? शेजारच्या सवाष्णीने वाटेत तोंड फिरवलं तर कसं वाटतं? कुमुद चुलीकडे तोंड करून सांगत गेली. जे कोणाला सांगायचं नसतं तेही तिने सांगितलं, कारण एवढं विचारणारा माणूस आपल्यासाठी काहीतरी करील असं तिला वाटलं. तिने एकदाच मागणं घातलं होतं. मराठी सहावीपर्यंत शिकले आहे, पुढे शिकून मास्तरीण होईन, मला कुठल्याशा संस्थेत पाठवा. दादा म्हणाले, पुस्तक पुरं होऊ दे. मग म्हणाले, छापून येऊ दे. मग म्हणाले, आईचे गुडघे जरा बरे होऊ देत. गुडघे काही बरे होत नव्हते आणि दादाही काही खोटं बोलत नव्हते. त्यांना उद्या खरोखरच पाठवायचं होतं. अशा भल्या माणसांच्या उद्यावर कित्येक बायांचा जन्म गेला आहे.

दिवेलागणीला ओटी भरली. वकील आले, शाळेचे मास्तर आले, आजूबाजूचे वाडीवाले आले. बायका माजघरात दाराशी दाटीवाटीने बसल्या. सगळ्यांत पुढे दादांची बायको पद्मा होती, तिची कोणीतरी खणानारळाने ओटीही भरली. सुपाऱ्या वेचायला येणारी सगुणा आणि तिच्या सोबतिणी अंगणात उकिडव्या बसल्या. कुमुद स्वयंपाकघरात पोहे कालवत होती, पण मधलं दार उघडं होतं.

खरखर झाली आणि दादांचा आवाज आला. गडी नुसता खुलला होता. समाजाने या भगिनींना जिवंतपणी सरणावर चढवलं आहे, असं ते म्हणाले तेव्हा मास्तरांनी मान डोलावली. मनुबाईंनी पदराने डोळे पुसले. मुलाखत घेणारे गृहस्थ हुशार होते. ते म्हणाले, कादंबरीतली बाई शेवटी विहिरीत जीव देते, पण तुम्हीच प्रस्तावनेत लिहिलंय की ही हकीकत खऱ्या बाईची आहे. पुण्याच्या एका संस्थेच्या चालक बाईंचं आम्हाला पत्र आलं आहे. त्यांनी संस्थेचं नाव आणि पेठ वाचून दाखवली. ती बाई कुठे असेल तिथून तिला पाठवा, तिच्या शिक्षणाचा सगळा भार संस्था उचलील, असं त्या लिहितात. तेव्हा सांगा मोरेश्वरपंत, ती बाई आज कुठे आहे?

कुमुदचे हात पोह्यांतच थांबले.

रेडिओवर दादांनी दोनदा घसा खाकरला. ती माझ्याच घरी आहे म्हणावं, तर पाच वर्षं तिथेच का, हा प्रश्न पुढे उभाच होता. सगळा इलाखा ऐकत होता. मग त्यांचा आवाज आला, जड आणि दुःखी. "दुर्दैवाने ती आता हयात नाही."

कादंबरी कोणावरून लिहिली ते गावाला ठाऊक होतं. ओटीवर कोणी कोणाकडे पाहीना. रेडिओ पुढे बोलत होता, आभार मानत होता. अंगणात सगुणाने शेजारणीला विचारलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "कोन मेली म्हंत्यात? आपली कुमुदताय? ती तं आत पोहे करत हाय."

मनुबाई स्वयंपाकघराकडे न पाहता पुटपुटल्या, "असेल काही त्याच्या मनात. आपण कशाला बोला?" आणि वकिलांनी पुढे होऊन रेडिओ बंद केला.

तेव्हा कुमुद पोह्यांचं ताट घेऊन ओटीवर आली. पाच वर्षांत ती पुरुषांसमोर अशी आली नव्हती. तिने एकेकाच्या हातात बशी दिली. सगळ्यांनी खाली माना घालून घेतली. मास्तरांपाशी आल्यावर ती थांबली.

"मास्तर, त्या पुण्याच्या संस्थेचं नाव काय सांगितलं? आतून मला नीट कळलं नाही."

मास्तर चांगले होते, लायब्ररी चालवत, सुधारणेवर व्याख्यानं देत. पण दादा गावाचं भूषण, आणि लायब्ररीचे अध्यक्षही दादाच. ते म्हणाले, "फार खरखर होती हो. माझ्याही नाही लक्षात आलं." वकिलांनाही ऐकू आलं नव्हतं. रेडिओ एक ओटीभर लोकांना ऐकू जाऊन शेवटी एकालाही ऐकू गेला नव्हता.

"मी ऐकलंय."

हे पद्मा बोलली. माजघराच्या दारात ती उभी राहिली होती, ओटीतला खण हातातच होता. नवऱ्याविरुद्ध शब्द काढण्याची ही तिची पहिलीच वेळ. "नाव, पेठ, सगळं ऐकलंय मी. चल आत, सांगते तुला."

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा मुंबईहून रेवसच्या बोटीने परतले, गळ्यातला हार हातात घेऊन. पडवीत कुमुदची वळकटी बांधलेली दिसली. त्यांना सगळं समजायला वेळ लागला नाही. ते रागावले नाहीत, उलट त्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, तोंडून निघून गेलं, कुमुद. उद्या मी स्वतः पुण्याला लिहितो, पण असं तडकाफडकी नको. लोक मला खोटा म्हणतील. आईकडे कोण पाहील? घरातल्या माणसाने निदान विचारून तरी जावं.

कुमुद त्यांच्या पाया पडली. न्हावी परत पाठवला त्याची जाण तिने ठेवली होती. मग वळकटी उचलून ती म्हणाली, "भाऊजी, मेलेल्या माणसाला घराबाहेर पडायला कोणाला विचारावं लागत नाही."

पद्मा बंदरापर्यंत सोबत गेली. वाटेत लोक घराबाहेर येऊन पाहत होते, पण कोणी अडवलं नाही आणि कोणी बरं केलंस असंही म्हटलं नाही.

मनुबाईंना आता दादा स्वतः उठवून बसवतात. कमरेत उसण भरते, अशी तक्रार करतात. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली आहे. तिच्यात ती बाई अजूनही विहिरीत जीव देते आणि वाचक अजूनही रडतात. रडावं, त्याला कोण नको म्हणतो? पण डोळे पुसून झाले की आपल्या घरातला आजचा स्वयंपाक कोणी केला, ते एकदा आत जाऊन पाहून यावं.